शीर, पेशी, काळीज : मानवदेहाच्या संगणकीय ॲटलासची भाषिक चिकित्सा

१

मानवी देहाची रचना आणि त्या रचनेत वावरणाऱ्या पेशी यांविषयीचे ज्ञान आजवर ग्रंथांत, शोधनिबंधांत आणि प्रयोगशाळांच्या नोंदवह्यांत विखुरलेले होते. ते एकाच परस्परसंबद्ध संगणकीय ॲटलासमध्ये आणण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत जगभर सुरू झाले आहेत. २०१६ साली 'ह्यूमन सेल ॲटलास' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा आरंभ झाला. २०१८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या साहाय्याने 'हबमॅप' हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच्या आश्रयाने 'ह्यूमन रेफरन्स ॲटलास' आकारास येऊ लागला. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मे २०१९ मध्ये 'मानव' या नावाचा असाच एक उपक्रम जाहीर केला आणि तो पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र व भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था यांच्याकडे सोपविला. पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीचे आर्थिक व तांत्रिक साहाय्य त्यास लाभले.

'मानव' उपक्रमातील कल्पना साधी, परंतु अर्थपूर्ण होती. विज्ञानशाखांतील विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचावयाचे, त्यांतील विधानांतून अवयव, ऊती, पेशी, रेणू यांचे उल्लेख वेचावयाचे, आणि प्रत्येक उल्लेखास निश्चित नाव व स्थान देऊन तो समाईक साठ्यात घालावयाचा. या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हे प्रयोगशाळेतील काम नव्हे. हे कोशकाराचे काम आहे. एखाद्या शब्दकोशासाठी वाक्ये वेचणारा, त्यांतील शब्दाचा अर्थ ठरविणारा आणि त्या अर्थाला योग्य नोंदीखाली बसविणारा अभ्यासक जे करतो, तेच येथे विद्यार्थ्याला करावयाचे होते. म्हणूनच अशा ॲटलासची चिकित्सा करण्याचा अधिकार वैद्यकाइतकाच भाषाशास्त्रालाही पोचतो.

प्रस्तुत विवेचनात ही चिकित्सा तीन अंगांनी केली आहे : नाव, संबंध आणि सीमा. उदाहरणे शक्य तेथे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातून घेतली आहेत. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी वसलेला हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला असून तेथे मराठीबरोबर कन्नडही कानी पडते. शास्त्रीय संज्ञांची कसोटी पुस्तकात लागते त्याहून अधिक कठोरपणे अशा ठिकाणच्या बोलण्यात लागते.

२

प्रथम नावांचा विचार करावा. देहरचनेच्या नावांतील गोंधळ हा मराठीचाच दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील निरनिराळ्या ग्रंथांत मिळून अवयवांची सुमारे ५०,००० नावे रूढ झाली होती. १८९५ साली बासेल येथे जमलेल्या शारीरतज्ज्ञांनी ती छाटून सुमारे ५,००० वर आणली. १९९८ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय शारीर संज्ञावली ही त्याच परंपरेतील. तथापि, या सर्व प्रयत्नांचे सूत्र एकच होते : एका वस्तूस एक लॅटिन नाव. नाव आणि वस्तू यांची सांगड पक्की केली की काम झाले, अशी त्यांमागची श्रद्धा होती.

नव्या ॲटलासांनी हे सूत्र सोडले आहे, आणि हीच त्यांची भाषादृष्ट्या सर्वांत मोलाची गोष्ट होय. त्यांच्या मुळाशी असलेल्या 'उबेरॉन' या अवयवसंज्ञासंचात प्रत्येक संकल्पनेस नाव नव्हे, तर क्रमांक ही ओळख आहे. यकृत ही संकल्पना ०००२१०७ या क्रमांकाने ओळखली जाते, हृदय ही ००००९४८ या क्रमांकाने. नाव हे त्या क्रमांकाला चिकटविलेले लेबल. ते बदलले, त्याला जोडीदार मिळाला, किंवा दुसऱ्या भाषेतील शब्द त्याच्या शेजारी आला, तरी संकल्पना जागची हलत नाही. शब्द आणि संकल्पना यांचे नाते यादृच्छिक असते हा भाषाशास्त्रातील सिद्धान्त येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला आहे.

त्याची आवश्यकता मराठी वाचकास दूर जाऊन शोधावी लागत नाही. 'पेशी' हा शब्द घ्यावा. मराठीत आज तो देहाच्या सूक्ष्मतम सजीव घटकासाठी रूढ आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र पेशी म्हणजे मांसाचे स्वतंत्र गठ्ठे, आणि त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. हिंदीने 'मांसपेशी' या शब्दात तो जुना अर्थ राखला आणि सूक्ष्म घटकासाठी 'कोशिका' हा शब्द घडविला. 'स्नायू' या शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. सुश्रुताच्या ९०० स्नायू म्हणजे अस्थी व सांधे बांधून ठेवणारे दोर. मराठीतील स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. बंगालीतील स्नायू म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू. शब्द एक, वस्तू तीन. पुण्यातील विद्यार्थ्याने 'पेशी' लिहिले आणि बनारसच्या विद्यार्थ्याने तो शब्द जसाच्या तसा उचलला, तर एकाच ॲटलासमध्ये दोन देह निर्माण व्हावयाचे. क्रमांक हा या आपत्तीवरील उतारा होय.

मराठी परिभाषेच्या इतिहासाशी ही पद्धत ताडून पाहण्याजोगी आहे. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. शरीर परिभाषेचा कोश त्यांत आहे. या कोशांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची रचना जोड-यादीची आहे : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी प्रतिशब्द. इंग्रजी शब्दाने ज्या संकल्पनेचा निर्देश होतो ती संकल्पना स्वतंत्रपणे कोठेही उभी केलेली नसते. परिणामी मराठी शब्द हा वस्तूचे नाव न राहता इंग्रजी शब्दाचे नाव बनतो. नव्या ॲटलासने परिभाषाकारांपुढे ठेवलेला खरा धडा हा आहे.

३

दुसरे अंग संबंधांचे. अवयवांची यादी म्हणजे ॲटलास नव्हे. कोणता अवयव कशाचा भाग, कोणती पेशी कोणत्या ऊतीत, कोणती पेशी कोणत्या वर्गातील, हे सांगितल्याविना यादी मुकी राहते. येथे दोन संबंध मूलभूत मानावे लागतात : 'अमुक हा तमुकाचा भाग' आणि 'अमुक हा तमुकाचा प्रकार'.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हा भेद समजावून घेण्यास उत्तम साधन आहे. स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह हे त्या मंदिराचे भाग होत. स्वर्गमंडपातील ४८ खांब हे त्या मंडपाचे भाग, आणि म्हणून मंदिराचेही भाग. परंतु स्वर्गमंडप हा मंडपाचा एक प्रकारही आहे, आणि मंडप हा काही मंदिराचा प्रकार नव्हे. पहिली साखळी आतून बाहेर जाते, दुसरी विशेषाकडून सामान्याकडे. शिवाय गर्भगृहातील दर्शनार्थी हा गर्भगृहाच्या आत असतो, परंतु त्याचा भाग नसतो. देहातही हेच. यकृतपेशी यकृताचा भाग आहे. ती आवरक पेशींचा एक प्रकार आहे. आणि आतड्यातील जीवाणू आतड्याच्या आत असला तरी त्याचा भाग नाही. गर्भाशय व गर्भ यांच्या बाबतीत हा भेद विसरला तर तर्क कोठल्या कोठे भरकटेल हे सांगावयास नको.

मराठी भाषा हे सर्व संबंध 'चा-ची-चे' या एकाच प्रत्ययाने व्यक्त करते. हाताचे बोट, हाताची अंगठी, हाताची जखम, हाताचे काम या चार प्रयोगांत प्रत्यय तोच. संबंध मात्र अनुक्रमे भागाचा, स्थानाचा, विकाराचा आणि साधनाचा. बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास प्रसंगावरून भेद कळतो. यंत्रास तो कळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात सिद्ध झालेल्या 'फाउंडेशनल मॉडेल ऑफ ॲनाटॉमी' या रचनेत सुमारे ७५,००० संकल्पना असून त्यांना जोडण्यासाठी शंभराहून अधिक प्रकारचे संबंध वापरले आहेत. एका षष्ठीच्या पोटात किती अर्थ दडलेले असतात याचा हा आकडा म्हणजे एक पुरावाच आहे.

हा विवेक आपल्याकडे अगदीच नवा आहे असे मात्र नव्हे. सुश्रुताने अस्थींचे दोन वेगळे विभाजन केले आहे. एक स्थानानुसार : शाखांत १२०, मध्यदेहात ११७, मानेपासून वर ६३, एकूण ३००. दुसरे प्रकारानुसार : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. भाग आणि प्रकार या दोन साखळ्या त्याने स्वतंत्र ठेवल्या. अस्थींची संख्या वेदवादी ३६० मानतात आणि शल्यतंत्रात ती ३०० आहे, असेही तो नमूद करतो. आजची संख्या २०६. हा फरक केवळ निरीक्षणाच्या चुकीचा नाही. सुश्रुताच्या 'रुचक' वर्गात दात येतात आणि 'तरुण' वर्गात कूर्चा; चरकाच्या ३६० मध्ये नखेही येतात. 'अस्थी' या संकल्पनेची कक्षाच निराळी आहे. संख्येवरून प्राचीनांना दोष देणाऱ्याने किंवा त्यांची थोरवी गाणाऱ्याने आधी संकल्पनेची व्याख्या तपासावी, हे या ॲटलासच्या पद्धतीतून निष्पन्न होणारे एक ऐतिहासिक तत्त्वही आहे.

४

तिसरे अंग सीमांचे, आणि येथे ॲटलासची खरी अडचण सुरू होते. नावे ठरविता येतात, संबंध घोषित करता येतात. परंतु एक भाग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे निसर्गाने प्रत्येक वेळी आखून ठेवलेले नसते.

नदीचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी या नद्यांचे पाणी एकत्र येते, श्रद्धेने गुप्त सरस्वती त्यांत मिळविली जाते, आणि तेथून पुढे त्याच प्रवाहास पंचगंगा म्हणतात. नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते आणि तिचे नाव संपते. पाणी संपत नाही. रक्तवाहिन्यांची नावे नेमकी अशीच आहेत. गळपट्टीच्या हाडाखालून येणारी रोहिणी पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेशी पोचली की तिला काखेतील रोहिणी म्हणावयाचे, आणि काखेच्या मागील भिंतीतील एका स्नायूची खालची कड ओलांडली की तीच दंडातील रोहिणी होते. नळी एक, नावे तीन. सीमा नळीत नाही, शेजाऱ्यांत आहे. 'ह्यूमन रेफरन्स ॲटलास'च्या कर्त्यांनी देहातील स्थान सांगण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा आधार घेण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. गावाचा पत्ता नदीकाठाने सांगावा तशी ही पद्धत आहे.

पेशींच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म होते. मानवी देहात सुमारे ३७ लक्ष कोटी पेशी असाव्यात असा २०१३ सालचा एक अंदाज आहे. त्यांच्या प्रकारांची नावे मात्र निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या तत्त्वांवर पडली. चषकपेशी हे नाव आकारावरून, यकृतपेशी हे स्थानावरून, पुर्किंजे वा कुप्फर यांच्या पेशी ही नावे शोधकांवरून, आणि टी-पेशी हे नाव त्या जेथे परिपक्व होतात त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरून. आता प्रत्येक पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत हे मोजता येऊ लागल्यापासून नामकरणाचे पाचवे तत्त्व आले आहे. २०१८ साली श्वासनलिकेच्या अस्तरात एक विरळ पेशीप्रकार असाच जनुकांच्या मोजणीतून सापडला. माशांच्या कल्ल्यांतील तशाच पेशींवरून त्याला 'आयनोसाइट' म्हणण्यात आले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराशी निगडित जनुक त्या पेशीत विशेषेकरून कार्यरत आढळले, म्हणून या नावाला वैद्यकीय महत्त्वही आले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अकरा अवयवांच्या तक्त्यांत ॲटलासच्या कर्त्यांनी या विविध तत्त्वांना एका ओळीत बसविले : आधी रचना, मग त्या रचनेतील पेशीप्रकार, मग तो प्रकार ओळखण्याच्या खुणा, म्हणजे जनुके, प्रथिने इत्यादी. ही मांडणी स्वच्छ आहे. तरीही भाषाभ्यासकाच्या मनात एक शंका उरते. पेशींचे गट आकडेवारीतून पाडले जातात तेव्हा गटांच्या मध्ये सलग छटा असतात, आणि रेषा कोठे ओढावी हे अखेर माणूस ठरवितो. बोलीभूगोलाच्या अभ्यासकास हा अनुभव परिचित आहे. एका शब्दाची सीमारेषा एका गावावरून जाते, उच्चाराची दुसऱ्या गावावरून. अनेक रेषा जेथे दाट होतात तेथे बोलीची सीमा मानली जाते. ती सीमा खरी असते, परंतु ती भिंत नसते. ॲटलासमध्ये पेशीप्रकाराला क्रमांक मिळाला की तो भिंतीसारखा भासू लागतो. रेषेचा दाटपणा किती, हे क्रमांकाबरोबर सांगण्याची सोय अधिक ठळक असावयास हवी.

त्याच अनुषंगाने आणखी एक मर्यादा नमूद करणे अवश्य आहे. या ॲटलासमधील अनेक अवयवांच्या त्रिमितीय आकृती अमेरिकेत १९९४ व १९९५ साली उपलब्ध झालेल्या एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या देहच्छेदांवर आधारलेल्या आहेत. कोठला तरी एक देह प्रमाण मानावाच लागतो, जशी कोठली तरी एक बोली प्रमाण मानावी लागते. प्रमाण हे मोजपट्टी म्हणून स्वीकारावयाचे असते, आदर्श म्हणून नव्हे, एवढे भान सुटू नये.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. देहाला आणखी एक नावाडी असतो, आणि तो म्हणजे देह धारण करणारा माणूस. त्याच्या शब्दांना या ॲटलासमध्ये कोणते स्थान आहे?

शिरोळकडील शेतकरी 'हात मोडला' म्हणतो तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत कोठलेही हाड अभिप्रेत असू शकते. त्याच्या शेजारचा कन्नडभाषक 'कै' म्हणतो. त्या शब्दाचीही व्याप्ती तीच. हे अज्ञान नव्हे. सेसिल ब्राऊन यांनी २००५ साली मांडलेल्या ६१७ भाषांच्या तुलनेत २२८ भाषांनी हात आणि बाहू यांना एकच शब्द दिलेला आढळला. 'पोट' हा शब्द उदर, जठर, आतडी आणि गर्भाशय एवढ्या सर्वांवर पांघरूण घालतो. 'ढोपर' काही भागांत गुडघा असतो, काही भागांत कोपर. 'काळीज' खाटकाच्या दुकानात यकृत असते आणि घाबरलेल्या माणसाच्या छातीत धडधडते तेव्हा हृदय. उबेरॉनचे क्रमांक सर्व प्राण्यांना समाईक असल्यामुळे दुकानातील काळीज आणि डॉक्टरांचे यकृत यांस एकच क्रमांक मिळतो. धडधडणाऱ्या काळजास मात्र दुसराच द्यावा लागेल. आणि 'शीर' हा शब्द तर सर्वांत अवघड. शीर तुटली म्हणजे रक्तवाहिनी. शीर दबली म्हणजे मज्जातंतू. शिरेवर शीर चढली म्हणजे स्नायूचा पेटका. सुश्रुताच्या ७०० सिरांपासून निघालेला हा शब्द लोकांच्या तोंडी दोरीसारख्या सर्व वस्तूंचे सामान्य नाव होऊन बसला आहे.

हे शब्द ऐकणारा डॉक्टर त्याच मातीतला असेल तर तो प्रसंगावरून अर्थ जाणतो. परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी दूरच्या गावांहून वैद्यकीय पथके येतात. नोंदी मराठीत ऐकून इंग्रजीत लिहिल्या जातात. आणि आता यंत्राकरवी भाषांतर करून त्या संगणकात जाण्याचे दिवस आले आहेत. 'शीर' म्हणजे नीला असे यंत्राने एकदा गृहीत धरले की मज्जातंतूचा रुग्ण रक्तवाहिनीच्या खाती जमा होतो. चुकीचा शब्द वहीत राहिला तर त्याचा अपाय त्या वहीपुरता असतो. चुकीच्या शब्दाला क्रमांक लागला तर ती चूक प्रत्येक जोडलेल्या नोंदीत शिरते, आणि तिच्यामागे शास्त्राची प्रतिष्ठाही उभी राहते.

या आपत्तीवर उपाय ॲटलासच्या रचनेतच आहे, हे विशेष. उबेरॉनमध्ये पर्यायी नावांची प्रतवारी केलेली असते : नेमके समानार्थी, अधिक व्यापक, अधिक संकुचित आणि केवळ संबंधित. मानवी लक्षणांच्या एका तशाच संचात २०१८ च्या सुमारास सामान्य इंग्रजी बोलणाऱ्यांचे शब्द याच रीतीने जोडण्यात आले. मराठीसाठी असे काम व्हावयाचे आहे. विकिडेटा या मुक्त ज्ञानसंचात अवयवांच्या नोंदींपुढे उबेरॉनचे क्रमांक आणि मराठी नावे शेजारी शेजारी आढळतात, परंतु तेथे ही प्रतवारी नाही; 'हृदय' आणि 'काळीज' दोन्ही नावे एकाच पंगतीत बसू शकतात. प्रतवारी असेल तर 'काळीज' यकृताचे समानार्थी व हृदयाचे संबंधित नाव म्हणून नोंदविता येईल, 'पोट' जठराचे व्यापक नाव म्हणून, आणि 'शीर' तीन क्रमांकांना जोडून, प्रत्येकाशी कोणत्या क्रियापदाच्या सोबतीने तो अर्थ येतो हे दाखविता येईल. तुटणे, दबणे, चढणे ही क्रियापदे येथे रोगनिदानाइतकीच मोलाची आहेत. परिभाषा कोशांच्या जोड-यादीत अशा माहितीला जागाच नव्हती.

हे काम शब्द घडविणाऱ्यांचे नव्हे, शब्द ऐकणाऱ्यांचे आहे. त्यासाठी नव्या संस्कृतोद्भव संज्ञांची टाकसाळ उघडण्याची गरज नाही. गावोगावी जाऊन, प्रसंग व वाक्य यांसह, लोक देहाविषयी काय बोलतात हे टिपण्याची गरज आहे. असा संग्रह करण्याची पद्धत भाषाविभागांना ठाऊक आहे, आणि त्याला अचूक क्रमांक लावण्याची विद्या पुण्यातील पेशीवैज्ञानिकांना ठाऊक आहे. दोघांची गाठ पडली पाहिजे.

सारांश, मानवदेहाच्या या नव्या ॲटलासने नाव आणि संकल्पना यांची फारकत केली, संबंधांना स्पष्ट उच्चार दिला, आणि सीमांचा प्रश्न उघड केला. या तिन्ही गोष्टींसाठी तो भाषाभ्यासकाच्या आदरास पात्र आहे. त्याची उणीव एवढीच की, ज्या देहाचा हा ॲटलास आहे त्या देहाच्या धन्याची भाषा त्यात अद्याप पुरेशी ऐकू येत नाही. पेशीपर्यंत पोचलेल्या शास्त्राला शिरोळच्या रुग्णाची 'शीर' समजली नाही, तर त्याचा प्रवास अर्धाच झाला असे म्हणावे लागेल.